कृतीप्रमाणे

आचारी हे त्यांचं टोपणनाव. घरी मात्र त्यांना स्वयंपाकघरात पाऊल टाकायची बंदी होती. कधी काळी बायको आजारी होती म्हणून ते हौसेने चहा करायला गेले, साखर ताजव्यात तोलली, पाणी मोजून घेतलं, घड्याळ लावून उकळी धरली आणि तासाभराने जो कप पुढे केला, तो बायकोच्या मते बरोबर होता, पण पिण्यासारखा नव्हता. ही गोष्ट ते स्वतःच सगळ्यांना सांगत आणि दर वेळी शेवटी म्हणत, की चूक चहापत्तीची होती.

त्यांचा खरा स्वयंपाक विद्यापीठाच्या जिवाणूशास्त्र विभागात, अगदी मागच्या खोलीत चाले. खोली लांबट होती. एका भिंतीला दोन शेगड्या, कोपऱ्यात कमरेइतका उंच ऑटोक्लेव्ह, म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचा थोरला भाऊ, खिडकीखाली सिंक आणि सिंकच्या कडेला स्वच्छ धुतलेली फडकी एका ओळीत वाळत घातलेली. इथे आचारी जिवाणूंचं जेवण, शास्त्राच्या भाषेत 'माध्यम', शिजवत. मांसाचा अर्क, साखर, दोन-चार क्षार आणि ते सगळं घट्ट धरून ठेवणारं अगार. शिजलं की निवेपर्यंत थांबायचं आणि कोमट असतानाच काचेच्या चपट्या प्लेटांमध्ये ओतायचं. कोणत्या जिवाणूला काय लागतं याच्या छापील कृती एका जाड फाइलीत होत्या, आणि त्या फाइलीशेजारी नोंदवही. तारीख, कृतीचा क्रमांक, किती लिटर, कुणासाठी. आणि शेवटच्या रकान्यात आचाऱ्यांचा एकच शब्द, 'कृतीप्रमाणे'. एकतीस वर्षं त्यांनी त्या रकान्यात दुसरा शब्द लिहिला नव्हता.

या शब्दाचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान कसला, जरा माजच होता म्हणा ना. एकदा एका विद्यार्थ्याने घाईघाईत डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं, तर आचाऱ्यांनी त्याला सगळ्या विभागासमोर असं फैलावर घेतलं, की तो बिचारा पुढे वनस्पतिशास्त्राकडे वळला. तेव्हापासून अलिखित नियमच झाला, की आचाऱ्यांच्या शेगडीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. लोकांनाही ते सोयीचंच होतं. प्लेटा हव्यात अशी चिठ्ठी ठेवायची, दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळलेल्या प्लेटा घ्यायच्या आणि मागच्या खोलीत काय होतं याचा विचारही करायचा नाही.

मातीवाली विभागात आली ती पाठीवर पोतं घेऊन. पोतं म्हणजे खरंच पोतं. पदव्या सगळ्या झालेल्या, तीन वर्षांच्या नेमणुकीवर आलेली संशोधक, वय बत्तीस-तेहेतीस. पण पहिल्याच दिवशी गुडघ्यापर्यंत चिखल आणि खांद्यावर गोणपाट पाहून शिपायाने तिला मागच्या दाराने जायला सांगितलं. मागचं दार म्हणजे आचाऱ्यांची खोली. तिने पोतं खाली ठेवलं, श्वास घेतला आणि म्हणाली, की काका, या मातीत निकेल आणि क्रोम इतकं आहे, की त्यात गवताची काडीही येत नाही. यात जर कुणी जगत असेल, तर मला त्याला भेटायचंय.

आचाऱ्यांनी विचारलं, माती कुठली. ती म्हणाली, जुन्या मुलाम्याच्या कारखान्यामागची. त्यांनी पोत्याचं तोंड उघडून चिमूटभर माती बोटांत घेतली. करडी, किंचित हिरवट झाक असलेली, ओली असूनही हाताला न चिकटणारी. ती माती ओळखायला त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्या कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून कामगारांच्या खोल्या होत्या आणि त्यांतल्या शेवटून दुसऱ्या खोलीत आचारी लहानाचे मोठे झाले होते.

त्यांचे वडील कारखान्यात हौदांवर कामाला होते. सायकलींची हँडलं, नळांच्या तोट्या, दाराच्या मुठी हौदात बुडवायच्या आणि चकचकीत करून बाहेर काढायच्या. अठरा वर्षं त्या वाफेत काढल्यावर वडिलांच्या नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलं. हौदांवरच्या बहुतेकांना ते असे, आणि माणसं त्याची थट्टाही करत, कारण दुसरं काय करणार. हौदातलं पाणी मागच्या मोकळ्या जागेत सोडलेलं असे. तिथे मुलं खेळत, पण झाड म्हणून एक नाही. आईने किती बिया पेरल्या, सगळ्या वाया गेल्या. एकच रोप जगलं, तिच्या माहेरून डब्यात आणलेलं. ते तिने नुसतं आणलं नव्हतं, तर मुळांभोवती तिकडच्या मातीचा नारळाएवढा गोळा ठेवून आणलं होतं. रोपाला त्याची थोडी माती बरोबर दिली, की त्याला परकं वाटत नाही, असं ती म्हणायची. यातलं आचाऱ्यांनी मातीवालीला काहीच सांगितलं नाही. फाइल काढली, निकेल घातलेल्या माध्यमाची कृती शोधली आणि किती लिटर पाहिजे तेवढं विचारलं.

सुरुवात झकास झाली. मातीचं पाणी करून पहिल्या प्लेटांवर पसरलं, तर आठव्या दिवशी मातीच्या कणांच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढे पिवळसर ठिपके दिसू लागले. एकेक ठिपका म्हणजे एकाच जिवाणूची लाखो पोरंबाळं. आता त्यातला एक ठिपका उचलून कोऱ्या प्लेटवर एकटाच वाढवायचा. तसा वेगळा झाल्याशिवाय तो कोण हे कळत नाही. मातीवालीने उचलला. कोऱ्या प्लेटवर काही आलं नाही. पुन्हा उचलला, पुन्हा नाही. दीड महिना हेच चाललं. ती रोज सकाळी इन्क्युबेटर उघडून प्लेटा उजेडाकडे धरायची आणि तशाच खाली ठेवायची. सहाव्या आठवड्यात आचाऱ्यांनी पाहिलं, ती मागच्या खोलीच्या पायरीवर डबा उघडून बसली होती आणि जेवत नव्हती.

त्या दुपारी आचाऱ्यांनी जे केलं ते त्यांच्या एकतीस वर्षांत बसणारं नव्हतं. पोत्याच्या तळाशी उरलेली थोडी माती त्यांनी पाण्यात घातली, तासभर उकळली, निवू दिली, फडक्यातून दोनदा गाळली आणि ते स्वच्छ, फिकट पिवळं पाणी पेलाभर तिच्या माध्यमात मिसळलं. निकेलच्या हिरवट झाकेत तो पिवळेपणा लपून गेला. त्यांच्या डोक्यात शास्त्र वगैरे काही नव्हतं, आईचा तो मातीचा गोळा होता. एवढी एकच खेप करून बघू, आलं तर सांगू, नाही आलं तर कुणाला कळायचंही नाही, असा त्यांचा हिशेब. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यापाशी हात क्षणभर अडखळला. मग सवयीने त्यांनी लिहिलं, 'कृतीप्रमाणे'.

नवव्या दिवशी मातीवाली धावतच आली. प्लेटवर तिने ओढलेल्या रेघेवर पिवळसर ठिपक्यांची माळ उमटली होती. ती नाचायचीच बाकी राहिली होती. म्हणाली, की मी उगाच हात टेकले असते, आता कळलं, चिकाटी कमी पडत होती. आणि मग म्हणाली, "काका, तुमच्या हाताला गुण आहे." झालं. आत्ता या आनंदात कुठे मिठाचा खडा टाका, उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं.

उद्याचा परवा झाला आणि परवाची दोन वर्षं झाली. तिचं काम भराभर पुढे गेलं. त्या जिवाणूच्या एका जनुकाची अक्षरं वाचून जगातल्या सगळ्या माहीत असलेल्या जिवाणूंशी ताडून पाहिली, तर सगळ्यांत जवळचा नातेवाईकसुद्धा शंभर अक्षरांत साडेतीन अक्षरांनी वेगळा निघाला. इतका फरक म्हणजे नवी जात. विभागप्रमुख, ज्यांना सगळे मोठे सर म्हणत, त्यांनी पहिल्यांदाच मातीवालीला आपल्या केबिनमध्ये बसायला खुर्ची दिली. तो किती गरमीत वाढतो, किती निकेल सोसतो, काय खातो, काय खात नाही, याचे तक्ते तयार होऊ लागले. प्रत्येक तक्त्यामागच्या प्लेटा आचाऱ्यांनी केलेल्या आणि प्रत्येक खेपेत पेलाभर मातीचं पाणी. पोतं संपत आलं तेव्हा आचारी एका रविवारी पिशवी घेऊन जुन्या घरामागे जाऊन आले. जे एकदा चोरून केलं ते आता बिनचूक करणं भाग होतं. सांगायची वेळ निघून गेली होती, आणि दर आठवड्याला ती आणखी निघून जात होती.

नव्या जातीला नाव मिळायचं तर त्याचा एक नियम आहे. जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या जिवाणू-संग्रहांकडे पाठवायचा. तिथल्या लोकांनी तो आपल्या हाताने वाढवून पाहायचा आणि तसं प्रमाणपत्र द्यायचं. दोन प्रमाणपत्रं असतील तर ती जात आहे, नसतील तर नाही. मग तुम्ही प्रयोगशाळेत कितीही माळा उमटवा. मातीवालीने नमुने पाठवले, सोबत छापील कृती पाठवली. दोन महिन्यांनी दोन्हीकडून एकाच अर्थाची पत्रं आली: नमुना वाढत नाही, बहुधा वाटेत मेला असावा, पुन्हा पाठवा. तिने बर्फात घालून पुन्हा पाठवले. पुन्हा तेच, आणि या वेळी एका संग्रहाने सभ्य शब्दांत विचारलं होतं, की तुमच्याकडे तरी तो नक्की वाढतो ना.

हे पत्र तिने मागच्या खोलीत उभं राहून वाचून दाखवलं. तिची नेमणूक चार महिन्यांत संपत होती. लेख छापायला घेतलेल्या नियतकालिकाने प्रमाणपत्रांसाठी शेवटची तारीख दिली होती. मोठे सर म्हणाले होते, की एकदा शंका आली, की पुढचं दार कुणी उघडत नाही. ती म्हणाली, की मी काहीतरी चुकतेय काका, पण काय ते कळत नाही. आचाऱ्यांना स्वतःला निवृत्त व्हायला पाच आठवडे राहिले होते. गप्प बसले असते तर पाच आठवड्यांनी हार, नारळ, भाषण घेऊन ते घरी गेले असते, आणि हे प्रकरण कायमचं त्या खोलीत गाडलं गेलं असतं.

घरी बायकोने दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालताघालता तिने विचारलं, की कुणी गेलंय का. आचाऱ्यांनी सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर तिने काहीतरी समजुतीचं बोलावं अशी त्यांची अपेक्षा होती. ती गुलाबाच्या कुंडीतली पिवळी पानं खुडत राहिली.

"त्या पोराला नळाच्या पाण्यावरून किती बोलला होतात, आठवतंय?" ती म्हणाली. "आणि ही बिचारी स्वतःलाच दोष देत बसलीय. अहो, आज जाऊन सांगा. नाहीतर संध्याकाळी मी येऊन सांगते."

ती खरंच आली असती, हे आचाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं.

मातीवाली खिडकीपाशी बसून पुन्हा नमुने भरत होती. आचारी तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं ऐन वेळी पळून गेली.

"मॅडम, ते मेलेले नाहीत," ते म्हणाले. "उपाशी आहेत."

मग त्यांनी सांगितलं. कारखान्यामागची खोली, आईचं रोप, तासभर उकळलेली माती, पेलाभर पाणी. तिने मध्ये एकदाच विचारलं, की किती प्लेटांमध्ये. आचारी म्हणाले, पहिल्या दीड महिन्यानंतरच्या सगळ्या. तिने हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. तिचा चेहरा पाहून आचाऱ्यांना वाटलं, ओरडली तर बरं होईल. ती ओरडली नाही.

"काका, दोन वर्षं तुम्ही मला खोटं लिहायला लावलंत," ती म्हणाली आणि पर्स उचलून निघून गेली. दुपारी परत आली नाही.

आचारी त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांनी नोंदवही काढली, मातीवालीच्या नावापुढची एकेक नोंद शोधली आणि लाल शाईने 'कृतीप्रमाणे' खोडून त्यावर लिहिलं, 'मातीचे पाणी, शंभर मिलिलिटर', आणि खाली सही. अशा एकशे बारा नोंदी निघाल्या. पन्नासाव्या सहीनंतर हात दुखू लागला, तरी ते थांबले नाहीत. मोठे सर खोलीत डोकावले, वही पाहिली आणि काय झालं ते ऐकलं. मग म्हणाले, की तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तेहेतीस वर्षांत आचाऱ्यांना लागलेलं हे सगळ्यांत कडू वाक्य होतं.

दुसऱ्या दिवशी मातीवाली आली तेव्हा तिच्या हातात ग्रंथालयातलं एक कळकट पुस्तक होतं. डोळे सुजलेले होते, पण चाल नेहमीची. तिने पुस्तक शेगडीजवळच्या ओट्यावर आपटलं आणि एका पानावर बोट ठेवलं. मातीतले हट्टी जिवाणू वाढवायचे तर मातीच उकळून तिचं पाणी माध्यमात घालावं, असं तिथे चक्क लिहिलेलं होतं. पुस्तक आचाऱ्यांच्या वडिलांच्या वयाचं होतं.

"लोक पूर्वीपासून हेच करतायत," ती म्हणाली. "फरक एवढाच, की ते लिहून ठेवतात."

आचाऱ्यांनी मान खाली घातली. दोन वर्षं जे पाप म्हणून उरावर वागवलं, ते एखाद्या पुस्तकात पान नंबर घालून छापलेलं असावं, याचं हसू यावं की रडू, हे त्यांना कळेना. ती अजून रागावलेली होती, हेही दिसत होतं. पण तिने बाही वर सारली होती.

आता खरी अडचण पुढे होती. कारखान्यामागची जागा मागच्याच महिन्यात सपाट करून तिच्यावर काँक्रीट ओतलं होतं. ती माती एक बरणीभर उरली होती. या जिवाणूला तीच माती लागत असेल, तर जगातला कुठलाही संग्रह त्याला वाढवू शकणार नव्हता, आणि बरणी संपली की सगळंच संपलं. दुसऱ्या कुठल्या मातीवर तो येतो का, हे पाहायला हवं होतं. आचाऱ्यांनी भीतभीत विचारलं, की घरच्या कुंडीतली माती आणली तर चालेल का. मातीवाली म्हणाली, आणा, आणि रस्त्याच्या कडेचीही आणा.

दुसऱ्या दिवशी शेगडीवर मातीवाली उभी राहिली आणि आचाऱ्यांना तिने स्टुलावर बसवलं. तुम्ही फक्त सांगायचं, हात लावायचा नाही. प्रत्येक गोष्ट ती आधी वहीत लिहायची आणि मग करायची. आचाऱ्यांच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. ज्योत मोठी आहे, पातेलं जरा डावीकडे घ्या, असं दर मिनिटाला त्यांच्या तोंडून निघे, आणि ती विचारी, डावीकडे म्हणजे किती, आणि का. तेहेतीस वर्षांत त्यांना 'का' असं कुणी विचारलं नव्हतं. बऱ्याचदा उत्तर देताना त्यांनाच नव्याने कळे, की आपण तसं का करतो. गाळायच्या वेळी मात्र ती लेबलं लिहायला वळली, तेवढ्यात न राहवून आचाऱ्यांनी फडकं सिंकवर ओलं करून पिळून दिलं. तिने पाहिलं नाही.

चार प्रकारच्या प्लेटा झाल्या: एकीत नुसतं डिस्टिल्ड पाणी, एकीत कारखान्याची माती, एकीत रस्त्याची, एकीत गुलाबाच्या कुंडीतली. प्रत्येक प्रकार निकेल घालून एकदा आणि न घालता एकदा. प्लेटांवर तिने नुसते आकडे टाकले आणि कोणता आकडा कशाचा, याची चिठ्ठी बंद पाकिटात मोठ्या सरांकडे दिली, म्हणजे कुणाचा जीव कुठे गुंतलेला असला तरी डोळे खोटं बोलणार नाहीत. मग थांबायचं. आचारी रोज इन्क्युबेटरच्या दारापर्यंत जात आणि दाराला हात न लावता परत येत. बायको रोज संध्याकाळी विचारी, की माझ्या मातीचं काय झालं.

नवव्या दिवशी प्लेटा टेबलावर मांडल्या. दोन आकड्यांवर काहीच नव्हतं. बाकी सहा आकड्यांवर पिवळसर माळ होती, आणि त्यांतल्या दोन प्लेटांवर तर इतकी ठसठशीत, की आचाऱ्यांना चष्मा लावायची गरज पडली नाही. मोठ्या सरांनी पाकीट फोडलं. कोऱ्या राहिलेल्या प्लेटा डिस्टिल्ड पाण्याच्या. ठसठशीत वाढ गुलाबाच्या कुंडीची, आणि निकेल घातलेलं असो वा नसो, दोन्हीकडे सारखीच.

मातीवाली खुर्चीत बसली. तिने जात शोधली तेव्हा तिला वाटलं होतं, की याला विषच आवडतं. लेखात नावही तसंच सुचवलं होतं, 'निकेलचा' अशा अर्थाचं लॅटिन नाव. आता दिसत होतं, की विष तो नुसतं सोसत होता. त्याला हवी होती साधी माती, कुणाच्याही अंगणातली. ती हे मोठ्याने बोलली तेव्हा आचाऱ्यांना एकदम वडील आठवले, हौदावरून आल्यावर डब्यातल्या त्या एकुलत्या रोपाशेजारी उकिडवे बसून बोटाने माती मोकळी करणारे. मग त्यांनी पहिल्यांदाच तिला वडिलांबद्दल सांगितलं. नाकाबद्दलही सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी तिने विचारलं, की तुमच्या वडिलांना लोक काय म्हणायचे.

"आई म्हणायची, चिवट आहे मेला," आचारी म्हणाले, आणि दोन आठवड्यांत पहिल्यांदाच ती त्यांच्याकडे पाहून हसली.

उरलेल्या तीन आठवड्यांत आचाऱ्यांनी जेवढ्या प्लेटा केल्या तेवढ्या आधीच्या सहा महिन्यांत केल्या नसतील. सगळे तक्ते पुन्हा करायचे होते. काही आकडे जुनेच निघाले, काही बदलले, आणि जो बदलला त्यापुढे मातीवालीने का बदलला तेही लिहिलं. मोठ्या सरांनी नियतकालिकाला पत्र घालून मुदत वाढवून घेतली. आपण काय चुकलो हे त्यांनी त्यात लपवलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे पुढचं दार उघडलं. नमुने नव्या कृतीसकट पुन्हा रवाना झाले. निरोपसमारंभात मोठ्या सरांनी आचाऱ्यांबद्दल बोलताना नळाच्या पाण्याची गोष्ट सांगितली आणि मग मातीच्या पाण्याचीही. सगळे हसले. आचारीही हसले, पण कान तापले होते.

निवृत्तीनंतरचे दिवस वाईट गेले. गॅलरीत बसायचं, कुंड्यांकडे बघायचं. आपल्या देशातल्या संग्रहाचं प्रमाणपत्र आल्याचं फोनवर कळलं तेव्हा जरा बरं वाटलं. पण एकाने भागत नव्हतं. दुसरं येत नव्हतं. मातीवालीच्या नेमणुकीचे तीन आठवडे उरले होते. बायको म्हणाली, की त्या परदेशी लोकांना कुंड्या नसतील कदाचित, पाठवून देऊ का एक.

एका सकाळी अकराच्या सुमारास दारावरची घंटा वाजली. मातीवाली आत आली ती चपला काढायच्या आधीच कागद पुढे करत. वाढला होता. प्रमाणपत्र होतं, शिक्का होता, आणि नावाच्या जागी लॅटिन नाव होतं, ज्याचा अर्थ तिने बोट ठेवून सांगितला: चिवट. आचाऱ्यांनी तो शब्द दोनदा वाचला. लॅटिन त्यांना येत नव्हतं, तरी वाचला. लेख छापून येणार होता, आणि त्या जोरावर मोठ्या सरांनी तिची नेमणूक आणखी दोन वर्षं वाढवून घेतली होती. बायको पाणी आणायला म्हणून आत गेली आणि तिथूनच ओरडून विचारती झाली, की कुंडीचं नाव आलंय का त्यात.

आलं होतं. त्याच पत्रात संग्रहाने लिहिलं होतं, की हे कुंडीच्या मातीचं माध्यम आम्हाला आमच्या कायमच्या यादीत घ्यायचं आहे. त्याला आमचा क्रमांक पडेल आणि आणखी काही हट्टी नमुन्यांवर आम्ही ते वापरून पाहू. फक्त आमच्याकडे मातीचं पाणी थोडं गढूळ येतं. तरी कृती तपशीलवार, करणाऱ्याच्या शब्दांत कळवावी.

"गढूळ येणारच," आचारी म्हणाले. "फडकं आधी भिजवून घ्यावं लागतं. कोरडं असलं, की बारीक माती धाग्यांतून सुटते."

"हे तुम्ही मला सांगितलंच नाही," मातीवाली म्हणाली.

आचारी ओशाळले. मग तिने पिशवीतून कोरा कागद काढला, पेन काढलं आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवलं. आजवर ज्यांनी एका रकान्यात एक शब्द लिहिला होता, त्यांना आता पानभर लिहायचं होतं. त्यांनी लिहिलं. माती किती, कुठली, खडे कसे वेचायचे, ज्योत किती, का, किती वेळ निवू द्यायचं आणि घाई केली तर काय बिघडतं. बायको मागे उभी राहून बघत होती. तिने कुंडीला खत घालून किती दिवस झाले असावेत, हेही त्यांच्याकडून लिहून घेतलं, आणि मातीवाली म्हणाली, की ते तर फारच महत्त्वाचं आहे. फडक्याचं वाक्य आचाऱ्यांनी अधोरेखित केलं. खाली सही केली, चष्मा नाकावर सरकवून सगळं पुन्हा वाचलं आणि मनात आलेली शंका विचारून टाकली, की एवढ्या लांब बसून ती माणसं हे नीट करतील, हे आपल्याला कसं कळणार.

"त्यांच्याकडेही नोंदवही असतेच की काका," मातीवाली म्हणाली. "दर खेपेला तुमच्या कृतीपुढे कुणीतरी लिहील, कृतीप्रमाणे."

आचाऱ्यांनी पेनाला टोपण लावायचा प्रयत्न केला, पण ते काही केल्या बसेना. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. बायकोने त्यांच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं आणि मातीवालीला विचारलं, की चहा घेणार ना, मीच करते, काळजी करू नकोस.